प्रयोगाला निधी नाही, तरी संशोधन उभे राहते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अर्थशास्त्रात पीएच.डी.साठी नुकतीच नोंदणी केलेल्या एका विद्यार्थिनीला छोटी कर्जे आणि मोबाइलवरून होणारे पैशांचे व्यवहार यांचा गरीब कुटुंबांच्या उत्पन्नावर काय परिणाम होतो, हे अभ्यासायचे आहे. तिच्या मार्गदर्शकांचे म्हणणे असे, की यादृच्छिक प्रयोग, म्हणजे सोडतीने लोकांचे दोन गट पाडून एकालाच मदत देऊन केलेली तुलना, केल्याशिवाय विकसनशील देशांवरचे संशोधन आता कोणी गांभीर्याने घेत नाही. आणि असा प्रयोग करण्याइतका निधी तिच्यापाशी नाही. जुन्या सर्वेक्षणांच्या आकडेवारीवर केलेले काम दुय्यम दर्जाचेच ठरणार का, आणि तसे नसेल तर सुरुवात कुठून करावी, असे तिने विचारले आहे.

दुय्यम ठरणार नाही, पण एका अटीवर. ज्या आकड्यावर तुम्ही प्रबंध उभा करणार आहात तो आकडा कोणी, कोणाला, कोणत्या शब्दांत विचारून आणि किती दिवस मागचे आठवायला लावून मिळवला, हे तुम्हाला त्या सर्वेक्षणाच्या पर्यवेक्षकाइतके ठाऊक असले पाहिजे. मी या क्षेत्रात पंचवीसेक वर्षे आहे. त्यातला पहिला काळ प्रश्नावल्या घेऊन घरोघर हिंडण्यात गेला आणि नंतरचा इतरांनी गोळा केलेली आकडेवारी तपासण्यात. या काळात जे प्रबंध कोसळताना पाहिले त्यांतले फार थोडे पद्धतीच्या चुकीमुळे कोसळले. बहुतेकांच्या लेखकांना आपल्या तक्त्यातल्या एखाद्या स्तंभाचा अर्थच ठाऊक नव्हता.

श्रीमंत देशांतली बरीचशी आर्थिक आकडेवारी नोंदींतून आपोआप गळून पडते. पगारपत्रक, करविवरण, बँकेचे खाते यांतून उत्पन्नाचा आकडा मिळतो, तो मिळवण्यासाठी कोणाला काही आठवावे लागत नाही. जिथे बहुसंख्य लोक स्वतःचा छोटा धंदा, शेती किंवा रोजंदारी करतात तिथे अशी नोंदच नसते. तिथला आकडा तयार होतो तो एक अनोळखी माणूस दुसऱ्या माणसासमोर बसून प्रश्न विचारतो तेव्हा. उत्तर देणाऱ्याची स्मरणशक्ती, सरकारी योजनेची आशा, वसुलीची भीती आणि विचारणाऱ्याचा कंटाळा, हे सगळे त्या आकड्यात उतरते. म्हणून इथे मोजमाप हा प्रबंधाच्या परिशिष्टात ढकलण्याचा विषय होऊ शकत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण भारताच्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणातले आहे. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये सुरू झालेले हे सर्वेक्षण नमुना पाहणीच्या जागतिक इतिहासात मानाचे स्थान राखून आहे. त्यात कुटुंबाचा खर्च विचारताना दीर्घकाळ ‘मागच्या ३० दिवसांत’ असा संदर्भ कालावधी वापरला जात असे. १९९० च्या दशकात काही फेऱ्यांमध्ये कुटुंबांचे यादृच्छिक रीतीने दोन भाग करून एका भागाला जुनीच प्रश्नावली दिली आणि दुसऱ्या भागाला अन्नावरचा खर्च ‘मागच्या ७ दिवसांत’ असा, तर कधीमधी होणारा खर्च ‘मागच्या ३६५ दिवसांत’ असा विचारला. दुसऱ्या प्रश्नावलीत नोंदवलेला खर्च इतका वाढला, की तीच दारिद्र्यरेषा लावली असता गरिबीचे प्रमाण जवळपास निम्मे दिसू लागले. एकाही कुटुंबाचे उत्पन्न वाढले नव्हते, फक्त प्रश्नातला कालावधी बदलला होता. पुढे १९९९-२००० च्या मोठ्या फेरीत अन्नासाठी दोन्ही कालावधी एकाच कागदावर शेजारी शेजारी विचारले गेले. साहजिकच एका उत्तराची सावली दुसऱ्यावर पडली, आणि १९९३-९४ मधले सुमारे ३६ टक्के गरिबीचे प्रमाण २६ टक्क्यांवर आले हा अधिकृत निष्कर्ष वर्षानुवर्षे वादात राहिला. आर्थिक सुधारणांनी गरिबी किती घटली यावरचे त्या काळातले कितीतरी लेख प्रत्यक्षात प्रश्नावलीतल्या एका रकान्यावरचे लेख होते, असे मला आजही वाटते.

टांझानियात २००७-०८ मध्ये हीच गोष्ट मुद्दाम प्रयोग करून तपासली गेली. सुमारे ४,००० कुटुंबांत उपभोग मोजण्याच्या आठ वेगवेगळ्या रीती यादृच्छिकपणे वाटून दिल्या. कुठे रोजची नोंदवही ठेवली, कुठे आठवून सांगायला लावले, कुठे वस्तूंची यादी लांब ठेवली, तर कुठे छोटी. रीत बदलली की सरासरी उपभोग आणि गरिबीचे प्रमाण दोन्ही बदलले. गरिबीवर काम करू पाहणाऱ्याने तो अभ्यास मुळातून वाचावा, आणि वाचल्यावर दोन देशांच्या गरिबीची तुलना करणारा कोणताही तक्ता पुन्हा एकदा पाहावा.

तुम्हाला यात एक शंका येईल. मोजमापातली चूक सर्वांच्या बाबतीत सारखीच असेल, तर निष्कर्षाला धक्का कसा लागेल? पण ती सारखी नसते, आणि त्यामुळे निष्कर्षाची दिशासुद्धा बदलू शकते. इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीवरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने १९७५ पासून भारताच्या अर्धशुष्क प्रदेशातल्या काही गावांचा सलग अभ्यास केला. आजच्या तेलंगणातले औरेपल्ली, सोलापूर जिल्ह्यातले शिरापूर आणि अकोला जिल्ह्यातले कान्झरा ही त्यांतली तीन गावे विकासाच्या अर्थशास्त्रात जगभर ओळखीची झाली. रॉबर्ट टाउनसेंड यांनी १९९४ मध्ये याच गावांच्या आकडेवारीवरून दाखवले, की एखाद्या कुटुंबाचे उत्पन्न एका वर्षी घसरले तरी त्याचा उपभोग फारसा घसरत नाही आणि तो बऱ्याच अंशी गावाच्या सरासरीबरोबर चालतो. म्हणजे उसनवारी, नातेसंबंध, साठवण यांच्या मार्गाने गावे आपल्या माणसांना जोखमीपासून बऱ्यापैकी सांभाळतात. या निष्कर्षातून विमा आणि कर्ज यांच्या धोरणाबद्दल अनेक गोष्टी सुचतात. तीन वर्षांनी मार्टिन रॅव्हॅलियन आणि शुभम चौधरी यांनी त्याच गावांची आकडेवारी पुन्हा उघडली. उपभोगाचा आकडा ज्या रीतीने जुळवला होता तीत दोष आहेत, आणि तो वेगळ्या रीतीने जुळवला तर कुटुंबाचा उपभोग त्याच्या स्वतःच्या उत्पन्नाबरोबर अधिक हलताना दिसतो, असे त्यांनी मांडले. दोघांच्या हाती गावे तीच होती आणि सिद्धांतही तोच होता. या कामाला नवा प्रयोग लागला नाही की मोठा निधीही लागला नाही. लागली ती आकडा कसा बनला हे शोधण्याची चिकाटी. तुमच्यासारख्या निधी नसलेल्या संशोधकाने हे उदाहरण समोर ठेवावे.

आता कर्जाकडे येऊ, कारण तो तुमचा मुख्य विषय आहे. कर्जाचे मोजमाप खर्चाच्या मोजमापाहून अवघड असते, कारण खर्च विसरला जातो, पण कर्ज लपवले जाते. रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने १९५१-५२ मध्ये झालेली अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी ७५ जिल्ह्यांतल्या ६०० गावांमध्ये १,२७,३४३ कुटुंबांपर्यंत पोहोचली होती. ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालच्या आणि धनंजयराव गाडगीळ सदस्य असलेल्या समितीने १९५४ मध्ये अहवाल दिला. शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के, सरकारचा ३.३ टक्के आणि व्यापारी बँकांचा ०.९ टक्के निघाला, तर सावकारांचा वाटा ७० टक्क्यांच्या घरात होता. त्याच मालिकेतल्या १९८१ च्या पाहणीत ग्रामीण कुटुंबांच्या कर्जात संस्थात्मक कर्जाचा वाटा ६१.२ टक्के झाला. तीस वर्षांत सावकार इतका मागे हटला, हे बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचे आणि सहकाराचे यश म्हणून सांगितले गेले, आणि त्यात तथ्यही आहे. पण सावकारीवर कायद्याची बंधने वाढत असताना, सावकाराचे नाव सांगणे अडचणीचे होत असताना, कर्जदाराने ते नाव पूर्वीइतक्याच मोकळेपणाने सांगितले असेल का? क्लाइव्ह बेल यांच्यासारख्या अभ्यासकांनी हीच शंका घेतली. खासगी कर्ज नोंदीतून निसटले असले, तर संस्थात्मक कर्जाचा वाटा आपोआप फुगलेला दिसणार. हा ६१.२ चा आकडा मी खोटा मानत नाही, पण त्यातला किती भाग घडलेल्या बदलाचा आणि किती न सांगितलेल्या गोष्टींचा, हे वेगळे काढल्याशिवाय त्याच्यावर रिग्रेशन (एका घटकाचा दुसऱ्याशी संबंध मोजणारे सांख्यिकी गणित) चालवू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

माझा स्वतःचा एक अनुभव याच जातीचा आहे. एका सर्वेक्षणात आम्ही ‘तुमच्यावर कर्ज आहे का?’ असा सरळ प्रश्न ठेवला होता, आणि पहिल्या आठवड्यात कर्जमुक्त कुटुंबांची संख्या पाहून आम्ही चकित झालो. मग एका अनुभवी प्रगणक बाईंनी सुचवले, की ‘कर्ज’ म्हटले की लोकांना कागद आणि सही आठवते, तेव्हा ‘तुम्हाला कोणाला पैसे परत द्यायचे आहेत का?’ असे विचारा. प्रश्न बदलल्यावर उधारी, हातउसने, उचल, आगाऊ घेतलेली मजुरी हे सगळे बाहेर येऊ लागले. त्यानंतर ‘आणि कोणाकडून यायचे आहेत का?’ हा उलटा प्रश्न जोडला, तेव्हा कळले की ज्यांना आम्ही कर्जदार समजत होतो त्यांतले बरेच जण त्याच वेळी दुसऱ्या कोणाचे धनकोही होते. पहिल्या आठवड्याची आकडेवारी आम्ही टाकून दिली. ज्या संस्थेने सर्वेक्षणाला पैसे दिले होते तिला हे रुचले नाही, कारण तिचा अहवाल पहिल्या आठवड्याच्या आकड्यांवर अर्धा लिहून झाला होता.

छोट्या धंद्याचा नफा मोजतानाही असेच होते. श्रीलंकेत सुरेश डी मेल, डेव्हिड मॅकेन्झी आणि क्रिस्टोफर वुड्रफ यांनी अतिलहान धंदेवाल्यांना सोडत काढून १०,००० किंवा २०,००० श्रीलंकन रुपयांचे अनुदान रोख किंवा वस्तूंच्या रूपात दिले आणि भांडवलावरचा परतावा मोजला. तो महिन्याला सुमारे ५ टक्के निघाला, म्हणजे बाजारातल्या व्याजदरांहून कितीतरी जास्त. याच संशोधकांनी असेही तपासले, की विक्री आणि खर्च वेगवेगळे विचारून वजाबाकी करण्यापेक्षा ‘सगळे खर्च जाऊन तुमच्या हातात किती उरले?’ हा एकच प्रश्न अधिक विश्वासार्ह ठरतो. मी शिकलो तेव्हा याच्या नेमके उलट शिकवले जात असे. मात्र या प्रयोगाचा पुढचा भाग तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे. परतावा पुरुषांच्या धंद्यांत दिसला, स्त्रियांच्या धंद्यांत दिसलाच नाही. स्त्रिया भांडवल वापरण्यात कमी पडतात, असा अर्थ त्यावरून पुष्कळांनी काढला. २०१९ मध्ये दुसऱ्या एका गटाने भारत, घाना आणि श्रीलंका इथली आधीच उपलब्ध असलेली आकडेवारी पुन्हा पाहिली, आणि असे दिसले, की स्त्रीच्या नावे आलेला पैसा अनेकदा घरातल्या दुसऱ्या, बहुधा नवऱ्याच्या, धंद्यात गुंतवला जातो. संपूर्ण कुटुंबाचे उत्पन्न मोजले तर स्त्रीला दिलेल्या भांडवलाचा परतावा कमी नाही. मोजणीचे एकक धंदा धरायचे की कुटुंब, एवढ्या एका निर्णयावर हा निष्कर्ष अवलंबून होता. आणि तो उलटवणारे काम जुन्या प्रयोगांच्या आकडेवारीवर झाले.

तुमच्या मार्गदर्शकांच्या मुद्द्याकडे आता वळता येईल. यादृच्छिक प्रयोगांनी या क्षेत्राला शिस्त लावली, यात वाद नाही, आणि २०१९ चे नोबेल पारितोषिक अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना त्याचसाठी मिळाले. कर्ज घेणारा माणूस मुळातच न घेणाऱ्यापेक्षा अधिक धडपड्या असू शकतो. त्या दोघांची तुलना करून कर्जाचे गुण गाणारे शेकडो अहवाल प्रयोगांमुळे मागे पडले, हे चांगलेच झाले. पण प्रयोग म्हणजे निश्चित उत्तर, हा समज बरोबर नाही. हैदराबादमध्ये २००५ पासून झालेला सूक्ष्मकर्जाचा प्रसिद्ध अभ्यास पाहा. १०४ वस्त्यांपैकी ५२ वस्त्या सोडतीने निवडून तिथे एका संस्थेने कर्जवाटप सुरू केले. दीडेक वर्षांनी पाहिले तेव्हा निवडलेल्या वस्त्यांत सूक्ष्मकर्ज घेतलेल्या कुटुंबांचे प्रमाण सुमारे २७ टक्के होते आणि न निवडलेल्या वस्त्यांत सुमारे १८ टक्के, कारण इतर संस्थाही दरम्यान तिथे पोहोचल्या होत्या. म्हणजे दोन गटांतला फरक जेमतेम ८-९ टक्के बिंदूंचा. एवढ्याशा फरकावरून सरासरी उत्पन्नातला बदल पकडायचा, तर कर्जाचा परिणाम प्रचंड तरी असायला हवा किंवा नमुना कितीतरी मोठा तरी. ‘परिणाम आढळला नाही’ आणि ‘परिणाम नाही’ ही दोन वाक्ये अशा ठिकाणी वेगळी ठेवावी लागतात. २०१५ मध्ये बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को या सहा देशांतले असे अभ्यास एकत्र प्रसिद्ध झाले आणि त्यांचा सूर सारखाच होता: काही धंद्यांत गुंतवणूक वाढते, कुटुंबाला खर्चाची आखणी करायला थोडी मोकळीक मिळते, पण सरासरी कुटुंबाचे उत्पन्न किंवा उपभोग लक्षणीय वाढल्याचा पुरावा नाही. मला हा निष्कर्ष मोलाचा वाटतो. मात्र त्यातून कर्जाचे पैसे ज्यांना खरोखर लाभले आणि ज्यांना बुडवून गेले ती दोन टोके सरासरीत विरून जातात, आणि त्यांच्याबद्दल बोलायला प्रयोगाबाहेरची माहिती लागते.

निधी नसताना कार्यकारणभाव शोधायचा असेल, तर शासनाचे जुने नियम शोधा. नियम बदलला, एका ठिकाणी लागू झाला आणि दुसऱ्या ठिकाणी झाला नाही, एका तारखेला आला आणि दुसऱ्या तारखेला गेला, की त्याची आकडेवारीत फट पडते आणि त्या फटीतून बरेच काही दिसते. भारतात १९७७ ते १९९० या काळात असा नियम होता, की आधीच बँक असलेल्या ठिकाणी एक नवी शाखा उघडायची असेल तर बँक नसलेल्या चार ठिकाणी शाखा उघडाव्या लागतील. रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे यांनी या नियमाच्या आरंभी आणि अखेरीस राज्याराज्यांच्या शाखाविस्तारात पडलेला फरक वापरून ग्रामीण शाखांमुळे गरिबी घटल्याचे २००५ मध्ये दाखवले. या कामाला आव्हानही मिळाले. त्याच वर्षांत एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमासारख्या योजनाही बँकांमार्फत राबवल्या जात होत्या, तेव्हा श्रेय शाखेचे किती आणि योजनेचे किती, ही गुंतागुंत सहज सुटणारी नाही. तरीही हा वाद ज्या पातळीवर झाला ती पातळी सार्वजनिक आकडेवारीतूनच गाठली गेली होती, आणि या वादात उतरण्यासाठी तुम्हाला जुनी परिपत्रके आणि ती वाचण्याचा धीर एवढेच लागेल.

मोबाइलवरच्या व्यवहारांबद्दल दोन सूचना करतो. पहिली केनियाबद्दल. एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा तिथे मार्च २००७ मध्ये सुरू झाली, आणि तवनीत सुरी व विल्यम जॅक यांच्या २०१६ च्या अभ्यासाने १,९४,००० कुटुंबे, म्हणजे देशातली सुमारे २ टक्के कुटुंबे, तिच्यामुळे गरिबीतून वर आली असा अंदाज दिला. हा आकडा जगभर फिरला. फिरताना त्याच्यामागची रीत गळून पडली. तो निघाला आहे घराजवळच्या एम-पेसा एजंटांची संख्या कुठे जास्त वाढली आणि कुठे कमी, या फरकावरून. एजंटांनी आपली जागा भरभराटीच्या वाटेवर असलेल्या वस्त्या पाहून निवडली नसावी, हे गृहीतक त्याच्या मुळाशी आहे आणि टीकाकारांनी बोट ठेवले ते त्यावरही. तुम्हाला तो आकडा उद्धृत करायचा असेल, तर त्याचे गृहीतकही त्याच वाक्यात यायला हवे.

दुसरी सूचना खात्यांच्या संख्येबद्दल. जागतिक बँकेच्या फिन्डेक्स पाहणीत खाते असलेल्या प्रौढांचे भारतातले प्रमाण २०१४ मध्ये ५३ टक्के होते, ते २०१७ मध्ये ८० टक्के झाले. जनधन योजनेचे यश त्यात स्पष्ट दिसते. त्याच पाहणीत त्या वर्षी ४८ टक्के खाती निष्क्रिय होती, म्हणजे मागच्या बारा महिन्यांत त्यांत ना भरणा झाला होता ना पैसे काढले गेले होते. खाते असणे आणि खाते वापरणे हे दोन वेगळे चल आहेत, आणि संशोधनाच्या दृष्टीने दुसराच कामाचा. शिवाय अशा पाहण्यांत बहुतेक देशांतून सुमारे हजारच व्यक्तींचा नमुना असतो, त्यामुळे त्यातून जिल्हानिहाय निष्कर्ष काढण्याच्या फंदात पडू नका.

तुमचा विषय कुटुंबांचा असला तरी पहिल्या प्रकरणात तुम्ही देशाच्या एकूण उत्पन्नाचे, महागाईचे, विदेशी कर्जाचे आकडे द्यालच, म्हणून त्यांच्याबद्दलही थोडे सांगतो. घानाने नोव्हेंबर २०१० मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाचे आधारवर्ष, म्हणजे ज्या वर्षाच्या किमती आणि उद्योगांची रचना धरून हिशेब होतो ते वर्ष, बदलले आणि अर्थव्यवस्था सुमारे ६० टक्क्यांनी मोठी निघाली. नायजेरियाने एप्रिल २०१४ मध्ये १९९० ऐवजी २०१० हे आधारवर्ष घेतले, आणि २०१३ चे उत्पन्न ८९ टक्क्यांनी वाढून सुमारे ५१० अब्ज डॉलर झाले. दूरसंचार आणि चित्रपट उद्योग जुन्या हिशेबात जवळजवळ नव्हतेच. यात लबाडी नव्हती, उलट उशिरा केलेली दुरुस्ती होती. पण ‘कर्जाचे उत्पन्नाशी प्रमाण’ हा चल वापरणाऱ्याच्या मालिकेत रातोरात दरी पडली, कारण छेदातले उत्पन्न एकदम फुगले. अर्जेंटिनाची गोष्ट वेगळी आहे. तिथे २००७ पासून महागाईचे अधिकृत आकडे प्रत्यक्षापेक्षा फार कमी दाखवले गेले. अल्बर्टो काव्हालो यांनी दुकानांच्या संकेतस्थळांवरच्या किमती रोज गोळा करून दाखवले, की अधिकृत दर वर्षाला सुमारे ८ टक्के असताना प्रत्यक्ष दर २० टक्क्यांच्या आसपास होता. फेब्रुवारी २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने त्या देशाला आकडेवारीवरून औपचारिक समज दिली. त्या काळातला ‘वास्तविक व्याजदर’ जो कोणी अधिकृत महागाई वजा करून काढेल तो कर्जदाराने प्रत्यक्ष काय भोगले याबद्दल काहीच सांगू शकणार नाही. मोझांबिकमध्ये तर सरकारी हमी असलेली १ अब्ज डॉलरहून अधिक कर्जे एप्रिल २०१६ पर्यंत कोणत्याच खुल्या तक्त्यात नव्हती. ज्या देशात अधिकृत आणि खुल्या बाजारातला विनिमय दर वेगळा असतो तिथे डॉलरमध्ये रूपांतर केलेला प्रत्येक आकडा कोणत्या दराने रूपांतरित केला हे पाहावे. शेअर बाजाराच्या आकडेवारीत ज्या दिवशी व्यवहारच झाला नाही त्या दिवशी कालचीच किंमत पुढे ओढलेली असते, आणि त्यामुळे जोखीम आहे त्यापेक्षा कमी भासते. रात्रीच्या उजेडाच्या उपग्रहचित्रांवरून उत्पन्नाचा अंदाज बांधण्याची अलीकडे लोकप्रिय झालेली रीत कामाची आहे, पण २०१३ पर्यंतच्या जुन्या मालिकेत उजेडाची मोजणी ६३ या अंकावर थांबते, म्हणून मोठ्या शहरांची वाढ तीत दिसत नाही.

व्यवहारात कसे वागावे, याबद्दल माझा सल्ला साधा आहे. एखाद्या मोठ्या सर्वेक्षणाची कुटुंबनिहाय आकडेवारी उतरवून घ्या, पण संगणकात उघडण्यापूर्वी तिची प्रश्नावली आणि प्रगणकांसाठीची सूचनापुस्तिका पूर्ण वाचा. मग आकडेवारीत निष्कर्ष शोधण्याआधी विचारणाऱ्यांच्या खुणा शोधा. प्रगणकाच्या क्रमांकानुसार ‘होय’ उत्तरांचे प्रमाण किती बदलते ते पाहा. ‘होय’ म्हटल्यावर पुढे वीस प्रश्न विचारावे लागतात, हे प्रगणकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच ध्यानात येते, आणि पुढच्या आठवड्यांत ‘नाही’ वाढत जाते. हे मी स्वतः प्रगणक असताना केलेले आहे, हेही सांगून टाकतो. पाचशे, हजार अशा पूर्णांकांवर उत्तरांची गर्दी किती आहे, मुलाखत पीक हाती आल्यावर झाली की त्याआधी, कुटुंबाच्या कर्जाबद्दल उत्तर पुरुषाने दिले की स्त्रीने, हे तपासा. या तपासणीत दोन-तीन महिने जातील आणि मार्गदर्शकांना ते वाया गेल्यासारखे वाटतील. त्यांतून एक प्रकरण तयार होईल, आणि माझ्या मते तेच प्रबंधातले सर्वांत टिकाऊ प्रकरण असेल.

क्षेत्रकार्य अजिबात करू नये, असे मात्र मी म्हणणार नाही. प्रयोगाला लागतो तितका निधी नसला, तरी वीस-पंचवीस कुटुंबांकडे वर्षभर पंधरा-पंधरा दिवसांनी जाऊन पैशांची आवकजावक लिहून घेता येते. बांगलादेश, भारत आणि दक्षिण आफ्रिकेत सुमारे अडीचशे कुटुंबांच्या अशा आर्थिक रोजनिश्या ठेवल्या गेल्या होत्या, आणि गरीब कुटुंब एका वर्षात किती वेगवेगळ्या साधनांनी बचत आणि उसनवारी करते, हे त्यांतून जेवढे कळले तेवढे लाखभर कुटुंबांच्या एकवेळच्या पाहणीतून कळले नव्हते. पंचवीस कुटुंबांवरून देशाबद्दल विधान करता येणार नाही. पण मोठ्या सर्वेक्षणातल्या कोणत्या रकान्यावर किती विश्वास ठेवायचा, हे ठरवायला ती पुरेशी होतात. जाताना एवढे लक्षात ठेवा, की उत्तर देणाऱ्याचा वेळ हा त्याच्या रोजगाराचा वेळ असतो, आणि त्याने सांगितलेले सावकाराचे नाव तुमच्या वहीतून बाहेर गेले तर त्याचे परिणाम तुम्हाला नव्हे, त्याला भोगावे लागतात. नावे आणि उत्तरे वेगवेगळ्या वह्यांत ठेवण्याची जुनी सवय आजही सर्वांत चांगली आहे.

या आठवड्यात करण्याजोगे एक काम सुचवतो. कर्ज आणि गुंतवणुकीच्या अखिल भारतीय पाहणीची छापील प्रश्नावली मिळवा आणि ती तुमच्या स्वतःच्या कुटुंबासाठी भरा, तीही घरातल्या दोन माणसांकडून वेगवेगळ्या खोल्यांत बसून. दोन्ही प्रतींत जे आकडे जुळणार नाहीत त्यांची यादी करा. प्रबंधाचा प्रश्न त्या यादीतून निवडायचा की नाही, हे मग ठरवा.